पंधरा दिवसांत उभी राहणारी गुणवत्ता

मानांकनाच्या तपासणीची तारीख कळली की बालवाडीत लगबग सुरू होते. भिंती रंगतात, नोंदवह्यांना कव्हरे चढतात, मुदत संपलेले अग्निशामक नळकांडे बदलले जाते, मागच्या पालकसभांची इतिवृत्ते एका दुपारी लिहून होतात आणि मुलांकडून स्वागतगीत पाठ करून घेतले जाते. याला ‘तयारी’ म्हणतात. तिच्याविषयी आपल्याकडे दोन मते रूढ आहेत. व्यवस्थापन म्हणते, या निमित्ताने का होईना, शाळा सुधारते. अनुभवी माणसे हसून म्हणतात, सगळा देखावा. तपासनीस गेले की ये रे माझ्या मागल्या. पहिले मत भाबडे आहे आणि दुसरे आळशी. तपासणीआधीच्या महिन्यात उरकायची कामे म्हणजेच तयारी, हे दोघांनीही न तपासता धरून चालले आहे.

माझे म्हणणे असे. जे पंधरा दिवसांत उभे करता येते ते बालशिक्षणाच्या गुणवत्तेचे लक्षण असू शकत नाही. आणि जी तपासणी प्रामुख्याने अशाच गोष्टी पाहते ती बालवाडीला सुधारत तर नाहीच, उलट तिचे लक्ष मुलांवरून काढून दारावर खिळवते. तयारी करायला हरकत नाही. पण ती मोठ्यांनी मुलांशी बोलण्याची, ऐकण्याची आणि गप्प बसण्याची असते आणि तिला काही वर्षे लागतात. या लेखात ‘बालवाडी’ हा शब्द सरकारी अंगणवाडीपासून सोसायटीच्या तळमजल्यावरच्या प्ले-स्कूलपर्यंत सगळ्यांसाठी वापरला आहे. दोन्हींकडची परिस्थिती वेगळी आहे, पण रोग एकच आहे.

१. मोजायला सोपे तेच मोजले जाते

अवेदिस डोनाबेदियन या वैद्यकशास्त्राच्या अभ्यासकाने १९६६ साली रुग्णसेवेची गुणवत्ता तपासण्यासाठी एक साधी मांडणी केली: रचना, प्रक्रिया आणि फलित. इस्पितळात खाटा किती, डॉक्टर किती ही रचना. रुग्णाशी प्रत्यक्ष काय केले जाते ही प्रक्रिया. रुग्ण बरा झाला का, हे फलित. बालशिक्षणाने ही मांडणी उचलली आणि ती तिथे चांगली लागू पडते. खोलीचे क्षेत्रफळ, एका ताईमागे मुले किती, स्वच्छतागृह, ताईंची पदविका ही झाली रचना. ताई आणि मूल, मूल आणि मूल, मूल आणि वस्तू यांच्यात सकाळभर जे घडते ती प्रक्रिया.

रचना दारातून दिसते. प्रक्रिया पाहायला बसावे लागते, तेही जमिनीवर आणि बराच वेळ. थेल्मा हार्म्स आणि रिचर्ड क्लिफर्ड यांनी अमेरिकेत १९८० साली बालवाडीच्या वातावरणाची सात गुणांची मोजपट्टी प्रसिद्ध केली. ती नीट वापरायची तर वर्गात सुमारे तीन तास बसणे अपेक्षित असते. रॉबर्ट पियांटा आणि सहकाऱ्यांची ‘क्लास’ ही पद्धत त्याहून पुढे जाते. तिला भिंतींशी फारसे देणेघेणे नाही. वीस-वीस मिनिटांच्या फेऱ्यांत ताईंचा सूर, वर्गाची घडी आणि विचाराला चालना देणारे बोलणे एवढेच ती पाहते. आपल्याकडे दिल्लीच्या आंबेडकर विद्यापीठातल्या बालशिक्षण केंद्रानेही भारतीय वर्गांसाठी अशी साधने बेतली आहेत. म्हणजे प्रक्रिया मोजताच येत नाही, ही सबब आता चालणारी नाही. ती मोजायला वेळ लागतो आणि पाहणारा माणूस तयार करावा लागतो, एवढीच अडचण आहे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. अशा मोजपट्ट्यांवरचे गुण आणि मुलांची पुढची प्रगती यांचे नाते संशोधनात बेताचेच आढळते. ‘प्रक्रिया चांगली, म्हणून मूल हुशार’ असे सरळ गणित कुणी मांडत असेल तर ते खोटे आहे. पण नुसत्या रचनेचे नाते त्याहून क्षीण आहे, आणि आपल्या तपासण्यांचा बहुतेक भार रचनेवर आहे. तारू थोडे गळते म्हणून भिंतीवर काढलेल्या तारवात बसण्यात शहाणपण नाही.

भारतातला पुरावाही बोलका आहे. आसाम, राजस्थान आणि तेलंगणातल्या सुमारे चौदा हजार मुलांचा चौथ्या वर्षापासून आठव्या वर्षापर्यंत माग काढणारा एक मोठा अभ्यास २०११ साली सुरू झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. त्यात दिसले की बहुतेक मुले पहिलीत जाताना शाळेसाठी लागणाऱ्या तयारीत मागे होती. अंगणवाड्यांत शिक्षण म्हणावे असे थोडे घडत होते. खासगी वर्गांत ‘शिक्षण’ घडत होते, पण ते म्हणजे पहिली-दुसरीतली फळा-वही-घोकंपट्टी खाली ओढून आणलेली. दोन्ही ठिकाणी तीन-चार वर्षांच्या मुलाला साजेसे खेळ-बोलणे दुर्मीळ होते. शाळेची पाटी, गणवेश आणि वह्या-पुस्तके यांनी खासगी वर्गांना या बाबतीत वाचवले नाही.

२. आयएसओची पाटी काय सांगते

गेल्या दशकभरात महाराष्ट्रातल्या अनेक जिल्हा परिषद शाळांवर आणि अंगणवाड्यांवर ‘आयएसओ मानांकित’ अशा पाट्या लागल्या. वर्तमानपत्रांत सरपंच, सेविका आणि अधिकारी यांची छायाचित्रे आली. पाटी म्हणजे नेमके काय, हे मात्र फारसे कुणी विचारले नाही.

आयएसओ ही जिनिव्हातली, १९४७ साली सुरू झालेली संस्था. ती मानके लिहिते, प्रमाणपत्रे देत नाही. प्रमाणपत्र देतात त्या स्वतंत्र संस्था, आणि त्या शुल्क घेऊन देतात. ज्या ९००१ या मानकाची पाटी लावली जाते ते १९८७ साली पहिल्यांदा आले आणि त्याची २०१५ची आवृत्ती सर्वत्र रुळली. हे मानक बोल्टचा कारखाना, कुरियर कंपनी आणि इस्पितळ अशा कोणत्याही संस्थेला लागू पडावे असेच लिहिलेले आहे. त्यात मूल नाही, खेळ नाही, गोष्ट नाही. संस्थेने आपली कार्यपद्धती ठरवली आहे का, ठरल्याप्रमाणे चालते का, त्याची नोंद आहे का, चुका सापडल्या तर दुरुस्त होतात का, हे ते विचारते. प्रश्न चांगले आहेत. पण मुळात ठरवलेली कार्यपद्धतीच मुलांना घातक असेल, तर ती शिस्तीत आणि नोंदींसह राबवली जाते एवढेच प्रमाणपत्र सांगेल.

दुसरी अडचण याहून खोल आहे. या मानकाच्या केंद्रस्थानी ग्राहक आहे. त्याच्या गरजा ओळखणे आणि त्याचे समाधान मोजणे हा त्याचा पाया. बालवाडीत ग्राहक कोण? शुल्क भरतात ते पालक, आणि समाधानाचा अर्ज भरतात तेही पालकच. पालकांना काय हवे असते, हे कोणत्याही प्ले-स्कूलच्या संचालिकेला विचारा: तिसऱ्या वर्षी एबीसीडी, चौथ्या वर्षी शंभरपर्यंत अंक, रोज वहीत काहीतरी लिहिलेले दिसायला हवे. बोटांचे स्नायू तयार व्हायच्या आत पेन्सिल धरायला लावणारी बालवाडी ग्राहक-समाधानाच्या कसोटीवर उत्तम उतरेल. तिचे ग्राहक खरोखर समाधानी असतात. जो असमाधानी असतो, तो सकाळी फाटकापाशी रडतो, आणि त्याचा अभिप्राय घेण्याची सोय त्या व्यवस्थेत नाही.

या पाट्यांतून काहीच चांगले झाले नाही असे मी म्हणत नाही. गावाने वर्गणी काढली, गळके छप्पर दुरुस्त झाले, नळ आला, सेविकेला गावात मान मिळाला. हे खरे लाभ आहेत. त्यांना गुणवत्तेचे मानांकन म्हणू नये, इतकेच. छप्पर दुरुस्त करणे हे सरकारचे राहून गेलेले काम होते. गावाने ते वर्गणीतून केले आणि सरकारने त्याचा सत्कार केला.

३. भिंत कुणाच्या उंचीची?

‘बोलक्या भिंती’ हा तपासणीपूर्व तयारीतला सर्वांत खर्चिक आणि सर्वांत लाडका भाग. तीन वर्षांच्या मुलाची उंची साधारण ९५ सेंटिमीटर असते. त्याचे डोळे जमिनीपासून तीन फुटांच्याही खाली येतात. त्याच्या वर रंगवलेले आगगाडीचे डबे, फळांची नावे, महापुरुष आणि इंग्रजी महिने हे सगळे पाच-साडेपाच फुटी माणसासाठी रंगवलेले असतात. त्या भिंती बोलतात त्या तपासनीसाशी.

हा टोमणा म्हणून सोडून देता येणार नाही, कारण हीच गोष्ट वस्तूंच्या बाबतीत घडते. तपासणीसाठी आणलेली नवी खेळणी काचेच्या कपाटात, कुलपात ठेवली जातात. मुलांनी हात लावला तर ती ‘खराब होतील’. मुलांनी काढलेल्या रेघोट्या काढून टाकून त्यांच्या जागी ताईंनी रात्री जागून केलेले थर्मोकोलचे मोर लागतात. मुलांच्या फाइलींत एकसारखी वीस सफरचंदे असतात, रेषेबाहेर न गेलेली, आणि त्यावर ताईंच्या हाताचा ठसा स्पष्ट दिसतो. वातावरणाच्या कसोट्या लिहिणाऱ्यांनी ‘मुलांच्या हाताला येईल असे साहित्य’, ‘मुलांनी केलेल्या कामाचे प्रदर्शन’ असे शब्द विचारपूर्वक घातले होते. तयारीने ते शब्द अक्षरशः पूर्ण केले आणि त्यांचा अर्थ मारला.

शिवाय वेळ जातो कुणाचा? स्वागतगीताचे पंधरा दिवस मुलांच्या खेळाच्या वेळेतून कापलेले असतात. तीन वर्षांच्या मुलाला रांगेत उभे करून एकाच वेळी एकच हातवारे करायला शिकवणे हे काम सोपे नाही. त्यासाठी ओरडावे लागते. गुणवत्तेच्या नावाने मुलावर झालेला हा आरडाओरडा कोणत्याही नोंदवहीत सापडत नाही.

४. जे फाइलीत मावत नाही: भाषा

बालवाडीतल्या प्रक्रियेत सर्वांत मोलाचे काय, असे विचारले तर माझे उत्तर आहे: मूल आणि मोठे माणूस यांच्यातला एकमेकांना प्रतिसाद देणारा संवाद. मूल काही बोलते, मोठे माणूस त्यावर काही जोडते, मूल पुन्हा बोलते. या फेऱ्यांतून शब्द येतात, कार्यकारणभाव येतो आणि आपल्या बोलण्याला कुणी उत्तर देते हा विश्वास येतो.

आता मेळघाटातली अंगणवाडी घ्या, जिथे मुले घरी कोरकू बोलतात. गडचिरोलीतली घ्या, जिथे गोंडी किंवा माडिया बोलतात. पालघर जिल्ह्यातली घ्या, जिथे वारली बोलली जाते. ऑक्टोबर २०२२मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने या वयात घरच्या भाषेवर स्पष्ट भर दिला आहे. पण तपासणीच्या दिवशी काय होते? तपासनीसाला कोरकू येत नाही. त्याच्यासमोर मुलांनी मराठी बडबडगीत म्हटले तर ते ‘चांगले’ आणि आपसात कोरकूत भांडण मिटवले तर तो ‘गोंगाट’. खरे तर त्या दिवशीचा सर्वांत समृद्ध भाषिक प्रसंग तो गोंगाटच असतो. म्हणून जी सेविका मुलांशी त्यांच्या भाषेत बोलते ती साहेब आल्यावर मराठीवर येते. तयारीने तिच्या हातातले सर्वांत मोठे साधनच काढून घेतलेले असते.

गुणिला डाह्लबर्ग, पीटर मॉस आणि ॲलन पेन्स या तिघांनी १९९९ साली एका पुस्तकात ‘गुणवत्ता’ या कल्पनेवरच प्रश्न उभा केला. एका संस्कृतीत ठरलेले निकष वैश्विक म्हणून जगभर लावले जातात, असा त्यांचा आरोप होता. मी त्यांच्याइतके टोक गाठणार नाही. रडणाऱ्या मुलाला जवळ घ्यावे हे कोणत्याही संस्कृतीत खरे आहे. पण निकष लिहिताना आणि लावताना त्या पाड्यावरचा कुणी जाणता माणूस सोबत असलाच पाहिजे, इतके त्यांच्याकडून घ्यावेच लागते.

५. भीतीखाली उत्तम अभिनय होतो, शिक्षण होत नाही

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७०च्या दशकात एक नियम मांडला. निर्णयांसाठी एखाद्या आकड्यावर जितकी जास्त भिस्त ठेवाल तितका तो आकडा भ्रष्ट होत जातो आणि ज्या गोष्टीवर लक्ष ठेवायला तो नेमला तीही बिघडते. बालवाडीत हा नियम अधिक क्रूर होतो, कारण तपासला जाणारा माणूस व्यवस्थेत सर्वांत दुबळा असतो.

अंगणवाडी सेविकेचे उदाहरण घ्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हापासून ती ‘मानसेवी’ आहे. तिला वेतन नाही, मानधन आहे. ग्रॅच्युइटीचा कायदा तिला लागू होतो, हे सांगायला एप्रिल २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुढे यावे लागले. डिसेंबर २०२३मध्ये महाराष्ट्रातल्या सेविका दीर्घ संपावर गेल्या, त्यामागेही मानधन आणि निवृत्तिवेतन हेच प्रश्न होते. पैसे द्यायच्या वेळी ती स्वयंसेविका असते आणि तपासायच्या वेळी कर्मचारी. योजनेच्या सहा सेवांपैकी पूर्वशालेय शिक्षण ही एक. बाकी पाच पोषण-आरोग्याच्या. मुलाचे वजन-उंची ‘पोषण ट्रॅकर’ या ॲपवर भरली नाही तर वरून फोन येतो. मुलाशी दिवसभरात एकदाही बोलले नाही तर येत नाही. २०२४च्या पावसाळ्यात ‘लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज भरण्याचे कामही तिच्याकडेच आले. अशा बाईसमोर ऐंशी कलमांची तपासणीसूची ठेवली तर ती काय करेल? जे एका रात्रीत पूर्ण करता येते ते करेल. तिच्या जागी आपणही तेच करू.

यावर उपाय म्हणून ‘न कळवता जा’ असे सुचवले जाते. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. इंग्लंडमध्ये ‘ऑफस्टेड’ ही तपासणी यंत्रणा फार थोडी पूर्वसूचना देते. त्यामुळे रंगरंगोटीला वाव उरला नाही, पण ताण वर्षभराचा झाला. एका शब्दात शाळेचा निकाल लावणाऱ्या श्रेणीवर तिथे इतकी टीका झाली की सप्टेंबर २०२४मध्ये सरकारी शाळांसाठी ती रद्द करावी लागली. आकस्मिक भेट लपवाछपवी कमी करते. भीती कमी करायची तर कमतरता कबूल करणाऱ्याला शिक्षा होणार नाही अशी रचना लागते. ऑस्ट्रेलियात २०१२पासून लागू असलेल्या राष्ट्रीय मानकात हे बऱ्यापैकी साधले आहे. तिथे प्रत्येक केंद्र आधी स्वतःचा सुधारणा आराखडा लिहिते, त्यात आपण कुठे कमी पडतो हे मांडते, आणि ‘मानकाच्या दिशेने वाटचाल’ अशी एक सन्मान्य श्रेणी उपलब्ध असते. सात गुणवत्ता-क्षेत्रांत पहिले क्षेत्र शैक्षणिक कामाचे आहे, इमारतीचे नाही.

६. चार आक्षेप

*कागद नको म्हणता, मग पुरावा कशाचा?* काही कागद हवेतच. मुलाला न्यायला कुणी यायचे, कोणत्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी झाली का, आग लागली तर बाहेर कसे पडायचे, यांत तडजोड नाही. पण या गोष्टी परवान्याच्या आहेत, मानांकनाच्या नाहीत. त्या नसतील तर केंद्र बंद करावे. असतील तर त्यांचे गुण देऊ नयेत. आपल्याकडे गल्लत झाली ती परवाना दुबळा असल्यामुळे. २००९चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयासाठी आहे. तीन ते सहाच्या मुलांची सोय त्याच्या अकराव्या कलमाने सरकारच्या इच्छेवर सोडली. त्यामुळे वर्षानुवर्षे कोणत्याही सदनिकेत रंगीत फलक लावून प्ले-स्कूल काढता आले. सरकारने जी किमान रेषा आखायला हवी होती तिची जागा विकत घेतलेल्या प्रमाणपत्राने घेतली.

*प्रक्रियेचे निरीक्षण व्यक्तिसापेक्ष असते.* असते. म्हणूनच अशा साधनांत निरीक्षकांना आधी प्रशिक्षण देतात आणि दोघांचे गुण पुरेसे जुळेपर्यंत स्वतंत्रपणे पाठवत नाहीत. खर्च येतो हेही खरे. आपल्याकडे वीस-पंचवीस अंगणवाड्यांमागे एक पर्यवेक्षिका असते आणि तिचा बराच वेळ अहवालांत जातो. राज्यातल्या लाखाहून अधिक अंगणवाड्यांत दरवर्षी तीन-तीन तास बसणे अशक्य आहे. मग नमुन्याने निवडलेल्या थोड्या अंगणवाड्या नीट पाहा. सगळ्या वाईट पाहण्यापेक्षा ते उपयोगी आहे.

*भिंती-संडास नसलेल्या ठिकाणी संवादाच्या गोष्टी म्हणजे पोट भरलेल्यांची चैन.* हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. त्याचे उत्तर महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत माँटेसोरी पद्धतीवर काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. आदिवासी पाड्यावरची मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात गेली. महागड्या माँटेसोरी साधनांऐवजी बिया, शिंपले, पाने आली. आजच्या कोणत्याही तपासणीसूचीवर ती अंगणवाडी नापास झाली असती: छप्पर नाही, क्षेत्रफळ नाही, साहित्य प्रमाणित नाही. पण याचा अर्थ गरिबांना छप्पर नको असा कुणी काढू नये. या दोघींनी मुलांच्या स्वच्छतेवर आणि आरोग्यावर कमालीचा भर दिला होता आणि रचनेची उणीव त्यांनी कधी मिरवली नाही. रचना हा मुलांचा हक्क आहे आणि तो देणे सरकारचे काम आहे. रचना नसल्याचे ओझे सेविकेच्या गुणांत वजा करणे आणि रचना असल्याचे श्रेय तिच्या शिक्षणकार्यात जमा करणे, या दोन्हींना माझा विरोध आहे.

*पालकांना प्रमाणपत्रच समजते.* पालकांना जे दाखवाल ते समजते. पूर्वप्राथमिक शिक्षणाचा विचार करणाऱ्या प्रा. राम जोशी समितीच्या पाठोपाठ महाराष्ट्राने १९९६ साली पूर्वप्राथमिक प्रवेशांवर नियंत्रण आणणारा कायदा केला आणि अडीच-तीन वर्षांच्या मुलांच्या मुलाखती घेण्यास मनाई केली. तेव्हाही पालकांना मुलाखत हेच चांगल्या शाळेचे लक्षण वाटत होते. सरकारने पालकांच्या समजुतीच्या विरोधात उभे राहण्याचे धैर्य एकदा दाखवलेले आहे. अंमलबजावणी पुढे किती ढिली पडली, हा वेगळा आणि दुःखद विषय.

७. मग तयारी कशाची करायची?

ज्या संचालिकेला किंवा मुख्यसेविकेला खरोखर तयारी करायची आहे, तिने एका साध्या सकाळी वीस मिनिटांचे ध्वनिमुद्रण करावे. मोबाइल खिशात ठेवला तरी चालेल. ते आधी ज्यांच्या वर्गात केले त्या ताईंनी एकट्याने ऐकावे. दुसऱ्या कुणाला ऐकवायचे की नाही, हे त्या ठरवतील. मग चार गोष्टी मोजाव्यात. आज्ञा किती झाल्या (‘खाली बस’, ‘हाताची घडी’). ज्यांचे उत्तर ताईंना आधीच माहीत आहे असे प्रश्न किती झाले (‘हा कोणता रंग?’). ज्यांचे उत्तर फक्त मुलालाच माहीत आहे असे प्रश्न किती झाले (‘तू हे असं का उभं केलंस?’). आणि वीस मिनिटांत ज्यांचा आवाज एकदाही आला नाही ती मुले कोणती. पहिल्यांदा ऐकताना बहुतेक ताई अस्वस्थ होतात. ती अस्वस्थता कोणत्याही तपासनीसाच्या शेऱ्यापेक्षा जास्त काम करते, पण पुढे मदत मिळाली तरच. मदत म्हणजे आठवड्यातून एक तास, मुले गेल्यावर, ताईंनी एकत्र बसून मुलांविषयी बोलणे, आणि तो तास पगारात धरणे. इटलीतल्या रेज्जो एमिलिया शहरातल्या बालवाड्यांत लोरिस मालागुझ्झी यांनी हीच सवय रुजवली: मुलांचे बोलणे, चित्रे आणि प्रयोग टिपायचे आणि मोठ्यांनी त्यावर चर्चा करायची. जगभरातल्या शाळांनी तिथून सुंदर फलक आणले आणि चर्चा तिथेच ठेवून आल्या.

दुसरे काम वेळेचे. मूल सकाळी आल्यापासून जाईपर्यंत किती मिनिटे वाट पाहते, हे लिहून काढावे. हात धुण्याच्या रांगेत, हजेरी होईपर्यंत, डबे वाटून होईपर्यंत, ‘सगळ्यांचं झालं की मग’ या वाक्याखाली. ‘पोषण भी पढाई भी’ या २०२३च्या उपक्रमात अंगणवाडीत रोज दोन तास शिक्षणासाठी अपेक्षित आहेत. त्यातला किती वेळ ‘तोंडावर बोट’ या अवस्थेत जातो, हे मोजले की स्वागतगीताची हौस आपोआप ओसरावी.

तिसरे काम माणसे टिकवण्याचे आहे, आणि त्याबद्दल मानांकनाच्या बाजारात विलक्षण शांतता आहे. खासगी प्ले-स्कूलमधल्या ताईंचा पगार अनेकदा घरकामाच्या मोबदल्याइतकाही नसतो; जूनमध्ये आलेल्या ताई दिवाळीनंतर दिसत नाहीत. तीन वर्षांच्या मुलासाठी ही किरकोळ बाब नाही. घराबाहेर त्याने पहिल्यांदा ज्या माणसावर विश्वास टाकला ते माणूस एक दिवस कारण न सांगता नाहीसे होते. प्रयोगशाळा, स्मार्ट बोर्ड आणि सीसीटीव्हीवर लाखांनी खर्च करणारे केंद्र या एका रकान्यात नापास होत असेल, तर बाकीचे रकाने वाचण्याची गरज नाही.

हे करून झाल्यावर तपासणीच्या आदल्या दिवशी भिंत पुसायला आणि फाइल लावायला माझी हरकत नाही.

शिक्षण विभाग, महिला व बालविकास विभाग आणि मानांकन देणाऱ्या संस्था यांच्याकडे मागणी एवढीच आहे: परवान्याच्या अटी वेगळ्या काढा आणि त्या कडकपणे लावा, मानांकनातले निम्म्याहून अधिक गुण प्रत्यक्ष वर्गात बसून पाहिलेल्या गोष्टींना द्या, मुलांची भाषा जाणणारे कुणी सोबत घ्या, फाइल सगळ्यांत शेवटी मागा. आणि पालकांनी प्रवेश घेताना दारावरच्या पाटीखाली उभे राहून एकच प्रश्न विचारावा: गेल्या वर्षीच्या ताई या वर्षी इथेच आहेत का?